कळलावी : एका नावामागचा इतिहास

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. कुशावर्तात स्नान करून लाखो लोक रात्रीपासूनच चालायला लागतात आणि पेगलवाडी, पहिने अशा गावांवरून डोंगराला वळसा घालून परत त्र्यंबकला येतात. या वाटेवर, करवंदीच्या जाळीत किंवा शेताच्या कुपाटीवर, एक फूल हमखास दिसते. आधी हिरवे, मग पिवळे, मग शेंदरी आणि शेवटी लालभडक होत जाणाऱ्या सहा लाटदार पाकळ्या, त्याही वरच्या बाजूला उलटलेल्या. दुरून पाहिले तर झुडपाला जागोजागी आग लागल्यासारखी वाटते. वेलीच्या पानांची टोके स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असतात आणि त्यांच्याच आधाराने ती वर चढते. विद्यार्थ्यांना पानाचेच रूपांतर होऊन झालेला ताणा दाखवायचा असेल तर यासारखे दुसरे उदाहरण नाही.

ही कळलावी. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही या भागात गेलो तेव्हा वाटेवरच्या चार जणांना या वेलीचे नाव विचारले आणि चार उत्तरे मिळाली. एकाने कळलावी म्हटले, दुसऱ्याने खड्यानाग. तिसऱ्याने नाव न सांगता ‘तिला हात लावू नका, घरात भांडणं होतात’ एवढेच सांगितले. चौथा म्हणाला, ‘हा बचनाग.’ हे चौथे उत्तर ऐकून आम्हाला जरा धास्ती वाटली. ती का, हे पुढे येईलच.

औषधी वनस्पतींविषयी बोलताना आपल्याकडे दोन टोके दिसतात. एका बाजूचे लोक म्हणतात, पूर्वजांना सगळे ठाऊक होते. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ही सारी अंधश्रद्धा. कळलावीचा इतिहास या दोघांचीही अडचण करतो. म्हणूनच तो शिक्षकांपुढे जरा सविस्तर मांडावा असे आम्हाला वाटले.

नावे काय सांगतात?

कळ या शब्दाला मराठीत अनेक अर्थ आहेत. पोटात कळ येते, दिव्याची कळ दाबतात, आणि नारद कळ लावून देतो. बाळंतपणाच्या वेदनांना मात्र आपण अनेकवचनातच बोलतो : कळा सुरू झाल्या. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून जिचा कंद लावायचा ती कळलावी, ही सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी व्युत्पत्ती आहे. पण लोकांच्या मनात नारदही आहेच. त्यामुळे हे फूल घरात आणले की भांडण लागते अशी समजूत महाराष्ट्रभर आढळते. शब्दावरची ही कोटी नुसती मराठीही नाही. संस्कृत निघंटूंमध्ये या वनस्पतीला कलिकारी असे नाव आहे, आणि कलि म्हणजे कलह. आता वेदनेचा अर्थ आधीचा की भांडणाचा, हे भाषेच्या अभ्यासकांनी ठरवावे. गंमत म्हणजे ज्या फुलाला देशावर घरात येऊ देत नाहीत, त्याच फुलाला कोकणात ‘गौरीचे हात’ म्हणतात.

संस्कृतातली इतर नावे पाहण्यासारखी आहेत. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात लांगली, हलिनी, अग्निशिखा, विशल्या, शक्रपुष्पी, गर्भनुत् अशी नावांची माळच दिली आहे. लांगल म्हणजे नांगर. कंद उकरून पाहिला तर हे नाव का पडले ते लगेच कळते : तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला असतो, थेट नांगराच्या आकाराचा. (आपण सवयीने याला मूळ म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते खोड आहे. दोन्ही बाहूंच्या टोकाला डोळा असतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून नवा कोंब येतो. जुना कंद दरवर्षी सुकून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो.) दुभंगलेल्या आणि सरळ कंदांना लोक नर आणि मादी असेही मानत आले आहेत. त्याला अर्थ नाही. कळलावीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात.

अग्निशिखा हे रंगरूपावरून पडलेले नाव. विशल्या म्हणजे शल्य बाहेर काढणारी. काटा, बाणाचे टोक, शरीरात अडकलेली कोणतीही वस्तू म्हणजे शल्य, आणि या दृष्टीने अडलेला गर्भ हेही एक शल्यच. गर्भनुत् म्हणजे गर्भाला ढकलणारी. म्हणजे या नावांमध्ये औषधी उपयोगाचा एक दावा गोठवून ठेवलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात वार अडकली असता लांगलीच्या कंदाचा लेप बाईच्या तळहातांना व तळपायांना लावावा असे सांगितले आहे. कितीतरी शतकांनंतरही हाच लेप खेड्यापाड्यांतल्या सुइणी वापरत राहिल्या, कधी बेंबीभोवती, कधी ओटीपोटावर.

ती विषारी आहे हेही जुन्या वैद्यांना पक्के ठाऊक होते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत लांगलीची गणना उपविषांत होते, म्हणजे बचनागासारख्या महाविषांच्या खालोखाल. सुश्रुताने मूळविषांची जी यादी दिली आहे तिच्यातली विद्युच्छिखा म्हणजे लांगलीच, असे काही अभ्यासक मानतात. औषधात वापरण्यापूर्वी कंदाच्या चकत्या करून गोमूत्रात भिजत घालायच्या, मग धुऊन वाळवायच्या, असा शोधनाचा विधी आहे. गोमूत्राचे माहात्म्य आपण बाजूला ठेवू. कंदातले मुख्य विष पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, तेव्हा पातळ चकत्या बराच वेळ भिजवून ते पाणी टाकून दिले तर विषाचा काही भाग त्याबरोबर जाणारच. काही भाग, सगळा नव्हे.

मुंबईच्या बाजारात शेजारी-शेजारी

युरोपीय वनस्पतिशास्त्राशी कळलावीची गाठ पडली ती मलबारात. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने तिथल्या वैद्यांच्या मदतीने तयार करवलेला ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात मेंदोनी या मलयाळी नावाखाली हिचे चित्र आहे. १७५३ मध्ये लिनियसने तिला ग्लोरिओसा सुपर्बा, म्हणजे वैभवशाली आणि शानदार, असे नाव दिले. तिच्या विषाचा किंवा बाळंतपणाचा या नावात मागमूसही नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारला एक व्यावहारिक प्रश्न पडला. विलायतेहून औषधे मागवणे महाग होते, मग देशी औषधांतली कोणती खरोखर उपयोगी आहेत? या प्रश्नातून मोठे काम उभे राहिले. मद्रासचे मुहीदीन शरीफ यांनी १८६९ मध्ये भारताच्या औषधकोशाला पुरवणी लिहिली. कळलावीच्या विषारीपणाबद्दल इतके ऐकल्यावर त्यांनी जे केले ते आज कोणी करू नये : कंद थोड्या थोड्या मात्रेत स्वतःच खाऊन पाहिला. त्यांना काही झाले नाही. लोक समजतात तेवढी ही वनस्पती विषारी नाही, असे त्यांनी नोंदवले.

मुंबईत सरकारी औषधभांडाराचे प्रमुख असलेले विल्यम डिमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ मध्ये ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ प्रसिद्ध केला. या ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे डिमॉक बाजारात हिंडत. कोणते औषध कोणत्या नावाने, कुठून येऊन विकले जाते याची त्यांना बारीक माहिती असे. याच तिघांपैकी वॉर्डन कलकत्त्याला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी कळलावीच्या कंदातून एक कडू, विषारी पदार्थ वेगळा केला आणि त्याला सुपर्बिन म्हटले. तो रानकांद्यातल्या विषासारखा असावा असा त्यांचा अंदाज होता. अंदाज चुकला.

या चुकीत एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. मुंबईच्या त्याच बाजारात हकिमांसाठी सुरंजान नावाचा कंद बाहेरून येत असे. सांधे सुजून ठणकायला लागले, विशेषतः पायाचा अंगठा धरणारा वातरक्ताचा विकार झाला, की सुरंजान द्यायचा ही युनानी वैद्यकातली जुनी पद्धत. सहाव्या शतकातला ग्रीक वैद्य ट्रॅलिसचा अलेक्झांडर हेच औषध देत असे. युरोपात त्याचा भाऊबंद कोल्चिकम. काळ्या समुद्राच्या पूर्वेकडच्या कोल्चिस या प्रदेशावरून त्याला हे नाव पडले. पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये त्यातले सक्रिय द्रव्य वेगळे केले आणि १८३३ मध्ये गायगर याने त्याला कोल्चिसिन हे नाव दिले. डिमॉक यांच्या ग्रंथात सुरंजानही आहे आणि कळलावीही आहे. पण दोहोंत एकच द्रव्य आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते कळायला १९१५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी क्लूअर, ग्रीन आणि ट्युटिन या इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी कळलावीच्या कंदातून कोल्चिसिन मिळवून दाखवले. बाहेरून पैसे मोजून आणलेले जे औषध मुंबईच्या दुकानात विकले जात होते, तेच सह्याद्रीच्या कुपाट्यांवर दरसाल आपोआप उगवत होते! आज या दोन्ही वनस्पती कोल्चिकेसी या एकाच कुलात घालतात. शाळेतल्या जुन्या पुस्तकांत कळलावी लिलिएसी कुलात सापडेल. ती वर्गवारी आता बदलली आहे.

मुहीदीन शरीफ यांना काही का झाले नाही, याचाही उलगडा यातून होतो. कंदातले कोल्चिसिनचे प्रमाण वनस्पतीच्या वयाप्रमाणे, हंगामाप्रमाणे, जागेप्रमाणे बरेच बदलते. औषधाच्या दुकानातली कोल्चिसिनची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते आणि तेवढ्यावरही डॉक्टरला लक्ष ठेवावे लागते, कारण गुण देणारी मात्रा आणि घात करणारी मात्रा यांत फार अंतर नाही. कंदाच्या तुकड्यात किती मिलिग्रॅम आहे हे बघून, वास घेऊन किंवा चाखून कळण्याचा मार्ग नाही. शरीफ यांचे नशीब बलवत्तर होते, इतकेच त्या प्रयोगातून सिद्ध होते.

पेशींचा सापळा

कोल्चिसिन करते तरी काय? कांद्याच्या मुळाचे टोक घेऊन पेशीविभाजनाची स्लाइड करणे हा आपल्या शाळांमधला नेहमीचा प्रयोग. विभाजनाच्या वेळी पेशीत बारीक तंतूंची एक चाती तयार होते आणि ती गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेते. हे तंतू ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे मणी एकाला एक जोडून बनतात. कोल्चिसिन या मण्यांना चिकटते आणि माळ पुढे गुंफू देत नाही. चाती बनत नाही, गुणसूत्रे दुप्पट होऊन जागच्या जागी राहतात, पेशी मधल्या टप्प्यावर अडकते. शिकागोमध्ये बोरिसी आणि टेलर यांनी १९६७ मध्ये किरणोत्सारी खूण केलेले कोल्चिसिन पेशीत नेमके कशाला चिकटते याचा माग काढला. त्यातूनच या प्रथिनाची ओळख पटली. म्हणजे औषध कसे काम करते हे शोधता शोधता शरीराचाच एक घटक हाती लागला.

त्याआधीच, १९३७ मध्ये, ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी धोतऱ्यावर कोल्चिसिन वापरून दुप्पट गुणसूत्रांची झाडे मिळवली होती. वनस्पतींची पैदास करणाऱ्यांच्या हाती एक नवे हत्यारच आले. जपानमध्ये किहारा यांनी याच मार्गाने बिनबियांचे कलिंगड तयार केले.

आता विषबाधेचे चित्र नीट समजते. ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांना आधी फटका बसणार : आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळे. कळलावीचा कंद पोटात गेला की लगेच काहीच होत नाही, आणि हीच तिची फसवी गोष्ट. काही तासांनी उलट्या आणि पटकीसारखे जुलाब सुरू होतात. ते थांबले की माणूस सुधारला असे वाटते, पण दोन-चार दिवसांत रक्तातल्या पेशी घटू लागतात, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव होतो. यातून जो वाचतो त्याचे केस दोन-तीन आठवड्यांत झडतात. श्रीलंकेत रताळ्यासारखा किंवा कोनफळासारखा समजून हा कंद खाल्ल्याने, शिवाय जाणूनबुजून खाल्ल्यानेही, पुष्कळ विषबाधा झाल्या आहेत. साऱ्या अंगावरचे केस गेलेल्या अशाच एका रुग्णाची नोंद १९६६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली होती. यावर हमखास उतारा आजही हाताशी नाही. कंद पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी, लक्षणांची वाट न पाहता, रुग्णालयात नेले पाहिजे.

आता त्या चौथ्या उत्तराकडे येऊ. बचनाग म्हणजे हिमालयातला ॲकोनाइट. त्याचे विष अगदी निराळे : तोंडाला मुंग्या येतात, हृदयाची लय बिघडते आणि घात फार लवकर होतो. पण महाराष्ट्रात कळलावीलाही काही ठिकाणी बचनाग म्हणतात, आणि कीर्तिकर व बसू यांच्या १९१८ च्या ग्रंथासारख्या संदर्भांतही तिच्या मराठी नावांत हे नाव आढळते. नागकरिया आणि खड्यानाग ही नावेही गोंधळात भर घालतात. समजा, एखाद्या रुग्णाचे नातेवाईक रात्री दवाखान्यात येऊन ‘बचनाग खाल्लाय’ म्हणाले, तर डॉक्टर हृदयाकडे पाहत बसेल. काही तासांत काहीच झाले नाही म्हणून घरीही पाठवील. एका सामाईक नावाची किंमत अशी मोजावी लागू शकते. म्हणून आमचे शिक्षकांना सांगणे असे की वनस्पतीची नोंद करताना स्थानिक नाव तर लिहावेच, पण सोबत फुलासह वाळवलेला नमुना किंवा निदान छायाचित्र ठेवावे.

कळा खरेच येतात का?

नावाचा मूळ दावा राहिलाच. लेप लावला की कळा येतात, हे खरे आहे का?

त्र्यंबकच्या परिसरातल्या एका पाड्यावर एक म्हातारी सुईण आम्हाला भेटली. तिने आयुष्यभर बाळंतपणे केली होती आणि आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून ते काम सोडले होते. कळलावीबद्दल विचारले तेव्हा ती आधी गप्पच राहिली. मग म्हणाली, “लावायचो कधीमधी. पन पोर झालं का लगेच धुऊन टाकायचा. ऱ्हायला तर आतलं सगळं भाईर येतं, म्हनायची आमची सासू.” कंद पोटात कधी दिला का, या प्रश्नावर तिने आमच्याकडे असे पाहिले की पुढे विचारायची सोय राहिली नाही. “खायाचा नाय तो. जीव जातो.”

या बोलण्यात दोन निरनिराळ्या प्रकारचे ज्ञान आहे आणि ते वेगळे करता आले पाहिजे. ‘खायचा नाही, जीव जातो’ हे ज्ञान पक्के आहे. ते कोणीतरी मेल्यावर मिळाले असणार आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. ‘लावला की बाळ येते’ हे तसे नाही. कळा सुरू झालेल्या बहुसंख्य बायका लेप लावला तरी बाळंत होतात आणि न लावला तरी होतात. रात्री लेप लावला आणि पहाटे बाळ झाले, तर यश लेपाचे. बाळ झाले नाही आणि बाई दगावली, तर ते तिचे नशीब. अशा हिशेबात औषध कधीच नापास होत नाही. खरी परीक्षा घ्यायची तर सारख्याच परिस्थितीतल्या बायकांचे दोन गट हवेत, एकाला लेप, दुसऱ्याला नाही, आणि दोन्हीकडची बाळंतपणे व मृत्यू मोजायला हवेत. कळलावीच्या लेपाचा असा मोजमाप केलेला भक्कम पुरावा उभा राहिलेला नाही. कोल्चिसिन अखंड त्वचेतून फारसे आत शिरत नाही, त्यामुळे तळपायाच्या लेपाचा गर्भाशयावर परिणाम होणे अवघड वाटते. दुसरीकडे, पुण्यातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात कंदाच्या अर्काचा मादी उंदरांच्या गर्भाशयावर आणि गर्भधारणेवर परिणाम होतो असे दिसले. पण तिथे अर्क शरीरात गेला होता. विभागणाऱ्या पेशींचा वैरी असलेला पदार्थ वाढत्या गर्भाला घातक ठरतो, यात नवल नाही. तेव्हा गर्भनुत् हे नाव कदाचित खरे असेल, पण सुइणीला जे हवे होते त्या अर्थाने नव्हे.

याच्याशी तुलना करायला युरोपातल्या सुइणींचे एक औषध घेण्यासारखे आहे. राय धान्याच्या कणसावर एक काळी बुरशी वाढते, तिला अर्गट म्हणतात. सुइणी ती कळा आणण्यासाठी देत. अमेरिकेत १८०८ मध्ये जॉन स्टर्न्स या डॉक्टरने तिची शिफारस केली आणि ती चहूकडे वापरली जाऊ लागली. मग मेलेली बाळे जन्माला येण्याचे प्रमाण वाढू लागले. १८२० च्या दशकात होसॅक या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने बजावले : ही बुरशी गर्भाशयाला आवळते, सोडत नाही, बाळ गुदमरते. ती बाळंतपणाआधी देऊच नका. बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवायला द्या. पुढे लंडनमध्ये चॅसर मोइर यांनी बाळंत झालेल्या स्त्रियांच्या गर्भाशयाची आकुंचने मोजून पाहिली आणि डडली या रसायनशास्त्रज्ञाबरोबर १९३५ मध्ये अर्गोमेट्रिन हे द्रव्य शोधून काढले. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर या औषधाने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले आहेत. सुइणींचे निरीक्षण खरे होते, उपयोग मात्र चुकीच्या वेळी होत होता. ते कळले कारण कोणीतरी मेलेली बाळेही मोजली.

आपल्याकडे हे का झाले नाही? डिमॉक, कीर्तिकर यांच्यासारखे लोक चिकाटीचे होते, पण त्यांची नजर बाजारातल्या औषधावर होती, बाळंतिणीच्या खोलीवर नव्हती. आणि ते पुरुष होते, त्यांना त्या खोलीत प्रवेशच नव्हता. १९०७ मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिकलाच आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात झाली. तिथून ब्रह्मगिरी तीसेक किलोमीटरवर. पण वैद्यांच्या त्या चळवळीपुढे आयुर्वेदाच्या अस्तित्वाचाच प्रश्न होता, आणि सुइणी काही वैद्यांत मोडत नव्हत्या. ज्यांच्या हातात औषध होते त्यांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांच्या हाती ते औषध नव्हते.

कळलावीचे पुढे काय झाले हे मात्र थोडक्यात सांगता येते. तिच्या बियांत कंदापेक्षाही जास्त कोल्चिसिन असते. तमिळनाडूत दिंडिगुल, करूर या भागांत शेतकरी तारेच्या मांडवावर तिची लागवड करतात आणि बिया परदेशी पाठवतात. तिकडे ते राज्यफूल आहे. कंबर धरली की डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यांतल्या थायोकोल्चिकोसाइड या द्रव्याची सुरुवातही याच जातीच्या बियांपासून होते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अगदी कमी मात्रेतले कोल्चिसिन हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी मंजूर केले. त्र्यंबकच्या डोंगरात मात्र जडीबुटीसाठी कंदच उकरला जातो. कंद गेला की वेल गेली. बी पडून नवी वेल फुलायला तीन-चार वर्षे लागतात.

निघताना आम्ही त्या सुईण आजींना विचारले, लेप लावूनही पहाटेपर्यंत बाळ झाले नाही तर तुम्ही काय करत होता?

“काय करनार?” त्या म्हणाल्या. “डोली करून खाली रस्त्याला न्यायची. आन् रस्त्याला गाडी गावली तर गावली.”

त्यांच्या सुनेची दोन्ही बाळंतपणे दवाखान्यात झाली आहेत. घरामागच्या कुपाटीवर कळलावी फुललेली होती. ती त्यांनी काढून टाकलेली नाही, पण नातवंडांना तिच्याजवळ जाऊ देत नाहीत. भांडणं होतात, असे सांगतात.